जड हायड्रोजनची साक्ष

समस्थानिकांचा उल्लेख आला की रसायनशास्त्राच्या पुस्तकांची भाषा एकदम निश्चिंत होते. साध्या हायड्रोजनच्या जागी दुप्पट वजनाचा हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम, घातला, १२ वस्तुमानाच्या कार्बनच्या जागी १३ चा घातला, अभिक्रिया होऊ दिली, खुणेचा अणू शेवटी कुठे निघाला ते पाहिले, प्रश्न मिटला. गुराच्या कानात बिल्ला अडकवून ते रानात सोडावे आणि संध्याकाळी कोणाच्या गोठ्यात शिरते ते पाहावे, तसे हे वर्णन असते. बिल्ल्याने गुराच्या चालीत फरक पडत नाही, हे त्यात गृहीत धरलेले असते.

धातूच्या पृष्ठभागावर घडणाऱ्या रसायनाच्या बाबतीत, आणि त्यातही जिथे रेणूंची कंपने मोजून निष्कर्ष काढले जातात तिथे, हे गृहीतक टिकत नाही असे माझे म्हणणे आहे. तिथे बिल्ल्याने चाल बदलते. बदलते म्हणूनच तो उपयोगी पडतो, आणि बदलते म्हणूनच त्याच्या साक्षीची उलटतपासणी करावी लागते. मी प्रयोगशाळेतला माणूस नाही. या विषयावरचे निबंध मी वाचले ते जुन्या पोथीच्या प्रती शेजारी ठेवून पाठभेद पाहणाऱ्याच्या सवयीने. ओळ तीच, एका प्रतीत एकच अक्षर वेगळे. मग अर्थ कुठे हलला? समस्थानिकांचा प्रयोग मुळात असाच असतो.

आधी थोडी पायाभूत माहिती. रेणूतले अणू एकमेकांना स्प्रिंगने जोडल्यासारखे सतत थरथरत असतात. अणू जितका जड तितकी थरथर संथ. ही थरथर अवरक्त प्रकाशाने किंवा मंद वेगाच्या इलेक्ट्रॉनांच्या झोताने मोजता येते आणि तिचा आकडा 'प्रतिसेंटिमीटर' या एककात लिहितात. कार्बन-हायड्रोजन बंध ताणला-आकसला जातो तो २९०० च्या आसपास. हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम बसवला की तो आकडा २१०० च्या आसपास उतरतो. बंधाची ताकद तीच, रसायन जवळजवळ तेच, फक्त सूर खाली. म्हणजे वर्णपटातली एखादी रेषा हायड्रोजनच्या हालचालीची आहे की नाही हे विचारायचे असेल, तर हायड्रोजन बदलून पाहायचे. रेषा हलली तर ती त्याची. इतके सोपे. निदान सांगायला तरी.

ड्यूटेरियमचा शोध हॅरॉल्ड युरी यांनी १९३१ मध्ये लावला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९३४ मध्ये, मँचेस्टरमध्ये जुरो होरिउती आणि मायकेल पोलान्यी यांनी तो धातूच्या पृष्ठभागावरच्या हायड्रोजनीकरणाला लावून पाहिला. हायड्रोजनीकरण म्हणजे आपल्याकडच्या वनस्पती तुपामागची क्रिया: निकेलच्या भुकटीवर द्रव तेलात हायड्रोजन शिरतो आणि तेल घट्ट होते. तेलाचा रेणू फार लांबलचक, म्हणून अभ्यासाला घेतात ते त्याचे सर्वांत धाकटे भावंड, एथिलीन. दोन कार्बन, चार हायड्रोजन. ते निकेलवर किंवा प्लॅटिनमवर येते, दोन हायड्रोजन घेते आणि एथेन होऊन उडून जाते. होरिउती-पोलान्यी यांनी मांडले की हायड्रोजन एकेक करून जोडला जातो, मध्ये एक अर्धवट अवस्था असते, आणि तिथून रेणू मागेही फिरू शकतो. हा आराखडा आजही उभा आहे. पण त्या वेळी पृष्ठभागावर नजर टाकायचे साधन त्यांच्या हाती नव्हते. आत गेलेला आणि बाहेर आलेला वायू एवढेच त्यांना दिसत होते. मधले सगळे तर्काने भरलेले.

पृष्ठभाग दिसू लागला तो १९५० च्या दशकात, आयशेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अवरक्त प्रयोगांपासून. त्यांचा आवडता रेणू कार्बन मोनॉक्साइड. धातूवर तो उभा राहतो आणि ठळक रेषा देतो. आणि बिल्ल्याने चाल बदलते हे पहिल्यांदा नीट कळले ते याच रेणूवर, म्हणून एथिलीनकडे जाण्याआधी इथे जरा थांबतो.

प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड दाटत गेला की त्याची रेषा वर सरकते. का? दोन उत्तरे शक्य होती. एक रासायनिक: धातू प्रत्येक रेणूला थोडे इलेक्ट्रॉन देतो, रेणूंची गर्दी झाली की वाटा कमी होतो आणि आतला कार्बन-ऑक्सिजन बंध ताठ होतो. दुसरे उत्तर निव्वळ शेजाराचे: एका सुरात थरथरणारे रेणू एकमेकांना खेचतात आणि सगळ्यांचा मिळून सूर चढतो. साध्या वर्णपटात ही दोन कारणे वेगळी करता येत नाहीत. हॅमेकर, फ्रान्सिस आणि आयशेन्स यांनी १९६५ मध्ये युक्ती वापरली ती समस्थानिकांच्या मिश्रणाची. पृष्ठभाग तितकाच भरलेला ठेवायचा, पण काही रेणूंतला कार्बन १३ चा करायचा. रासायनिकदृष्ट्या गर्दी तीच. मात्र १३ कार्बनचे रेणू सुमारे ५० आकड्यांनी खाली बोलतात. तंबोऱ्याची एक तार उतरवली की शेजारची तार तिला साथ देत नाही, तसे हे. शेजारी हजर आहेत, पण सुरात नाहीत.

लिव्हरपूलला क्रॉसली आणि किंग यांनी १९७७ मध्ये प्लॅटिनमच्या एकसंध स्फटिकावर हेच केले. पूर्ण भरलेल्या थरात साध्या रेणूंचे प्रमाण उतरवत नेले तेव्हा त्यांची रेषा २१०० वरून २०६५ च्या आसपास उतरली. म्हणजे प्लॅटिनमवरची चढण जवळजवळ सगळी शेजाराची होती. रसायनाचा तिच्यात फारसा हात नव्हता. तांब्याची गोष्ट आणखी मजेदार आहे. तांब्यावर थर भरत गेला तरी रेषा फारशी हलत नाही, त्यामुळे तिथे काही घडतच नाही असे वाटावे. हॉलिन्स आणि प्रिचर्ड यांनी १९७९ मध्ये दाखवले की तिथे दोन्ही कारणे जोरात काम करतात, पण उलट दिशांनी; एक वर ओढते, दुसरे खाली, आणि बेरीज शून्याजवळ येते. रेषा स्थिर आहे म्हणून पृष्ठभाग शांत आहे असे म्हणणाऱ्याला हे उदाहरण तोंडपाठ असायला हवे.

आता यातली मेख. मिश्रणात दोन्ही जातींचे रेणू निम्मे-निम्मे असतील तर दोन रेषा सारख्याच उंचीच्या याव्यात, असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. वरची रेषा खालच्या रेषेचे तेज उसने घेते आणि खालची दिसायला बारीक राहते. दाट थरात बिल्ले मोजून गुरे मोजायला गेले तर हिशेब चुकतो, आणि थोडाथोडका नव्हे. निबंध वाचताना मी आता ही एक गोष्ट आधी पाहतो: लेखकाने रेषांच्या उंचीवरून प्रमाण काढले असेल, तर थर किती दाट होता हे सांगितले आहे का? पुष्कळदा नसते.

इथून एथिलीनकडे. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत चांगला वाद या रेणूवर झाला.

प्लॅटिनमच्या षट्कोनी मांडणीच्या पृष्ठभागावर एथिलीन थंडीत सोडले की ते आडवे पडून राहते. तापमान खोलीच्या पातळीवर आणले की ते दुसरेच काहीतरी बनते आणि थोडा हायड्रोजन सुटतो. काय बनते? १९७० च्या दशकात युलिशला हॅराल्ड इबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन झोताने त्याचा वर्णपट घेतला. रेषा मिळाल्या: २९०० च्या जरा खाली एक, १३५० च्या आसपास एक, ११३० च्या आसपास एक, आणि अगदी खाली, ४३० जवळ, धातू-कार्बन बंधाची. त्यांनी वाचन केले की एका टोकाला मिथिल गट आहे आणि धातूला टेकलेल्या कार्बनवर एक हायड्रोजन उरला आहे. बर्कलीत केस्मोडेल, ड्युबॉइस आणि सोमोरजाई यांनी १९७८-७९ मध्ये इलेक्ट्रॉन विवर्तनाने अणूंच्या जागा काढल्या आणि वेगळे वाचन दिले: खालच्या कार्बनवर हायड्रोजनच नाही, तो तीन प्लॅटिनम अणूंच्या खळग्यात बसला आहे आणि त्याच्यावर मिथिल गट छत्रीसारखा उभा आहे. या रूपाला एथिलिडाइन म्हणतात. आणखीही वाचने होती. रेषा त्याच, वाचने निरनिराळी, आणि वाद घालणारे सगळे जाणते.

ड्यूटेरियम घातलेल्या एथिलीनचा वर्णपट युलिशच्या मंडळींनीही घेतलेला होता. म्हणजे खुणेचा साक्षीदार पहिल्यापासून कोर्टात हजर होता, तरी निकाल लागत नव्हता. पुस्तकी वर्णनात हा भाग गाळला जातो. ड्यूटेरियम घातल्यावर कोणती रेषा किती हलली हे कळते, पण ती तशी का हलली हे सांगायला आणखी काहीतरी लागते.

ते काहीतरी आले नॉर्विचहून. ईस्ट अँग्लिया विद्यापीठातले नॉर्मन शेपर्ड, आणि स्किनर, हॉवर्ड, ऑक्स्टन, केटल, पॉवेल हे त्यांचे सहकारी, यांनी १९८१ मध्ये पृष्ठभाग बाजूला ठेवला. त्यांनी एक बाटलीत ठेवता येईल असे संयुग घेतले: तीन कोबाल्ट अणूंचा त्रिकोण, त्यावर एक कार्बन, त्यावर मिथिल गट, भोवती नऊ कार्बन मोनॉक्साइड. या संयुगाची रचना क्ष-किरणांनी आधीच पक्की झालेली होती. तिच्याबद्दल वाद नव्हता. त्याचा त्यांनी वर्णपट घेतला, मग मिथिल गटातले तिन्ही हायड्रोजन ड्यूटेरियमने बदलून पुन्हा घेतला, आणि प्लॅटिनमवरच्या रेषांशेजारी दोन्ही मांडले. साध्याशी साधा, जडाशी जड. जोड्या जुळल्या. अनोळखी अक्षराचे वाचन करायचे तर त्याच हाताने लिहिलेला, अर्थ माहीत असलेला मजकूर शेजारी हवा. शेपर्ड यांनी तो मिळवला.

या जोड्यांतली एक मला विशेष वाटते, कारण ती सोप्या नियमाच्या विरुद्ध जाते. ड्यूटेरियम जड, म्हणून प्रत्येक रेषा खालीच जायला हवी. मिथिल गटाची छत्रीसारखी उघडझाप १३५० वरून ९९० च्या आसपास उतरली, ते ठीक. पण ११३० च्या आसपासची रेषा उतरली नाही. ती चढली, ११६० च्या आसपास गेली. वजन वाढले आणि सूर वर गेला!

एकट्या रेषेकडे पाहून हे कोडे सुटत नाही. एकाच बाकावर दोघे दाटीने बसलेले असावेत, तसे सारख्या घाटाचे दोन कंपनप्रकार एकमेकांना रेटतात. साध्या रेणूत मिथिलची छत्री वर बसलेली, १३५० वर. ती खालच्या कार्बन-कार्बन कंपनाला खाली दाबून ठेवते. ड्यूटेरियम घातले की छत्री उठून खाली ९९० वर येऊन बसते, आणि आता कार्बन-कार्बन कंपनाला खालून वर रेटते. म्हणून ते चढते. कोबाल्टच्या संयुगातही हीच चढण दिसली. म्हणजे ही रेषा मिथिल गटाला थेट जोडलेल्या, सरळ उभ्या असलेल्या एकेरी कार्बन-कार्बन बंधाचीच. शिवाय धातूवर ज्या कंपनाची हालचाल पृष्ठभागाला लंब असते तेच ठळक दिसते, आणि सगळ्या ठळक रेषा उभ्या रेणूला साजेशा होत्या. वाद एथिलिडाइनच्या बाजूने मिटला. १९८२ मध्ये इबाख यांच्याच गटाने अधिक स्वच्छ वर्णपट देऊन त्याला दुजोरा दिला.

'समस्थानिकांनी सिद्ध केले' हे वाक्य मला अपुरे वाटते ते यासाठी. सिद्ध केले ते जोडीने: एक खूण, आणि तीच खूण अंगावर असलेला एक ओळखीचा. शिवाय सिद्ध झाले ते 'हे कोण आहे' एवढेच. 'हे कसे बनले' आणि 'हे काय करते' हे प्रश्न वेगळे आहेत आणि तिथे खूण तितकी उपयोगी पडली नाही.

कसे बनले ते पाहू. एथिलीनपासून एथिलिडाइन व्हायचे तर एका कार्बनवरचे दोन्ही हायड्रोजन जायला हवेत आणि दुसऱ्यावर एक वाढायला हवा. सरळ उपाय: एका टोकाला साधा हायड्रोजन आणि दुसऱ्या टोकाला ड्यूटेरियम असलेले एथिलीन घ्या, आणि कुठला कुठे गेला ते पाहा. कागदावर हा प्रयोग देखणा आहे. प्लॅटिनमवर मात्र एथिलिडाइन बनण्यापेक्षा हायड्रोजन-ड्यूटेरियमची अदलाबदल वेगाने होते. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला यान्सेन्स आणि फ्रान्सिस्को झाएरा यांनी १९९० च्या दशकात हा प्रश्न बारकाईने हाताळला. बाजार सुटायच्या आत सगळ्या गुरांचे बिल्ले आपसात बदलले गेले, तर संध्याकाळी कुठले गुरू कुठल्या गोठ्यात शिरले याला काय अर्थ? त्यात भर म्हणजे कार्बन-ड्यूटेरियम बंध तुटायला जास्त वेळ घेतो, त्यामुळे खुणेचा आणि बिनखुणेचा रेणू एकाच वाटेने गेले तरी एका वेगाने जात नाहीत. हा वेगातला फरक काही वेळा वरदान असतो. कोणती पायरी सर्वांत संथ आहे ते त्यावरून कळू शकते. पण त्यासाठी अणू जागचे हललेले नसावेत ही अट आहे, आणि प्लॅटिनम ती पाळत नाही.

आणि एथिलिडाइन काय करते? सर्वांत मोठा धडा या प्रश्नाने दिला. पृष्ठभागावर हायड्रोजनीकरण चालू असताना एथिलिडाइन ठळक दिसते, सगळीकडे दिसते. साहजिकच अभिक्रिया त्याच्यातूनच जात असणार असे वाटावे. पिट्सबर्गला बीब आणि येट्स यांनी १९८६ मध्ये पॅलेडियमवर एथिलीनचे हायड्रोजनीकरण चालू ठेवून अवरक्त प्रकाशात एथिलिडाइन किती आहे ते मोजले. एथिलिडाइन भरपूर असो की नगण्य, अभिक्रियेचा वेग तोच. सोमोरजाई यांच्या गटानेही खुणेचे अणू वापरून दाखवले होते की एथिलिडाइनमध्ये पुन्हा हायड्रोजन शिरून ते सुटे होण्याची क्रिया मुख्य अभिक्रियेच्या मानाने अतिशय मंद आहे. ज्याच्या आकारावरून भांडण झाले, ते कामात भाग घेतच नव्हते. बांधकामावर सर्वांत आधी नजरेत भरतो तो बांबूचा पराती बांधलेला सांगाडा, तसे काहीसे. फरक एवढाच की सांगाडा निदान उपयोगी असतो.

मग काम कोण करत होते? त्याचे उत्तर १९९६ मध्ये बर्कलीतूनच आले. क्रेमर, सू, शेन आणि सोमोरजाई यांनी दोन लेझर किरणांची बेरीज करणारे तंत्र वापरले. हे तंत्र फक्त पृष्ठभागाचाच वर्णपट देते, वरच्या वायूचा गोंगाट त्यात येत नाही, त्यामुळे निर्वातापेक्षा अब्जावधी पटींनी जास्त दाबाखाली, अभिक्रिया खरोखर चालू असताना पाहता आले. त्यांना सैलसर चिकटलेल्या एथिलीनची एक क्षीण रेषा दिसली. पृष्ठभागाचा सुमारे ४ टक्केच भाग तिने व्यापलेला. अभिक्रिया तिच्यातून जात होती.

बऱ्याच निबंधांत 'वर्णपटात अमुक जात दिसली, म्हणून अभिक्रिया तिच्या मार्गे जाते' हे वाक्य अजून येते. ४ टक्क्यांचा हा आकडा छापून झाल्यावरही येते. माझा या क्षेत्राविषयीचा मुख्य आक्षेप हाच आहे. ज्याचे आयुष्य पृष्ठभागावर लांब, त्याची रेषा ठळक. जो झटपट काम उरकून निघून जातो तो दिसणार कसा? दिसणे आणि करणे यांत इथे पुष्कळदा व्यस्त प्रमाण असते.

हा आक्षेप प्रयोगातच उतरवणारी एक पद्धत आहे, आणि तीत समस्थानिकांचा खरा वकूब दिसतो. अभिक्रिया एका लयीत चालू ठेवायची. मग वेग, तापमान, दाब काहीही न बदलता, वायूच्या नळीत १२ कार्बनच्या जागी एका क्षणात १३ चा सोडायचा, आणि दोन घड्याळे लावायची: बाहेर पडणाऱ्या वायूत नवा कार्बन किती वेळात येतो, आणि पृष्ठभागावरच्या रेषा किती वेळात आपला जुना कार्बन टाकून नव्याच्या जागी सरकतात. इथे खुणेने सूर उतरणे हेच घड्याळ होते. एखादी जात मार्गावर असेल तर तिने निदान बाहेरच्या वायूइतक्या वेगाने कूस बदलली पाहिजे.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात बर्च, गोगे, म्यूनिए आणि सहकाऱ्यांनी २००४ पासून सीरियम ऑक्साइडवरच्या प्लॅटिनमसाठी हे केले. अभिक्रिया होती कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून कार्बन मोनॉक्साइड आणि पाणी करण्याची, आणि नंतर तिचीच उलट दिशा. वर्णपटात फॉर्मेट नावाची जात ठळक दिसते, आणि तीच मध्यस्थ असल्याचे पुष्कळांचे मत होते. पहिल्या दिशेच्या प्रयोगांत नळी बदलल्यावर बाहेरच्या वायूत नवा कार्बन भरून आला, तरी फॉर्मेटच्या रेषा बऱ्याच अंशी जुन्याच जागी रेंगाळत होत्या. मुख्य वाट कार्बोनेटांकडून जात असावी असे त्यांनी मांडले. केंटकी विद्यापीठातले जेकब्स आणि डेव्हिस फॉर्मेटच्या बाजूने ठाम राहिले. त्यांच्याकडेही समस्थानिकांचेच पुरावे होते. पाण्याचे प्रमाण, तापमान, उत्प्रेरक कसा तयार केला, यांवर उत्तर बदलते असे त्यांचे म्हणणे, आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. बेलफास्टच्या मंडळींनाही काही उत्प्रेरकांवर तापमान वाढवले की फॉर्मेटचे घड्याळ वायूच्या घड्याळाजवळ येताना दिसले आहे. २०११ मध्ये बर्च, गोगे आणि म्यूनिए यांनी दोन्ही बाजूंचा पुरावा एकेक करून तपासणारा दीर्घ लेख लिहिला. त्यात आपल्या बाजूचे प्रयोगही त्यांनी त्याच मापाने मोजले आहेत, आणि फॉर्मेट दिसते की नाही यापेक्षा किती आहे आणि किती वेगाने जाते, या दोन आकड्यांची मागणी केली आहे. ते दोन्ही आकडे एकत्र दिलेले निबंध त्या वेळी बोटांवर मोजण्याइतकेच होते.